खोल समुद्रातल्या मासेमारीला कॅटमरान नको

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचावर आहे आणि मंगळुरूचे बंदर इथून घाट उतरून साडेतीनशे किलोमीटरवर. तरीही कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या बोटींचे बरेचसे भवितव्य याच शहरात ठरते. मत्स्य खात्याचे संचालनालय इथे, अनुदानाच्या फायली इथे, नव्या तंत्रज्ञानात पैसा घालणारे इथे, आणि रात्रभर घाट चढून आलेली सुरमई ‘अंजल’ म्हणून मागवणारे गिऱ्हाईकही इथलेच. 1969 साली मंगळुरूला देशातले पहिले मत्स्य महाविद्यालय निघाले, तेही बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली. त्यामुळे या शहराचे बोटींविषयी काय मत आहे, याची किंमत किनाऱ्याला मोजावी लागते. म्हणूनच इथे हमखास ऐकू येणाऱ्या एका मताला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

ते मत असे. आपले मच्छीमार जुनाट बोटी वापरतात. लाटांत डोलणारी, डिझेल पिणारी, एका इंजिनावर विसंबलेली ही बोट टाकून त्यांना कॅटमरान द्यावी. दोन धडांवर उभी असल्याने ती डोलत नाही. डेक ऐसपैस मिळतो. धडे निमुळती असल्याने पाणी सहज कापले जाते आणि इंधन वाचते. इंजिने दोन, म्हणजे एक बंद पडले तरी माणसे घरी येतात. दाखला म्हणून अमेरिकेत साउथ कॅरोलिनात बनणाऱ्या फ्रीमनच्या बोटी दाखवल्या जातात, ऑस्ट्रेलियातल्या नूसा कॅट दाखवल्या जातात. गळ टाकायला अंदमानला जाऊन आलेला हौशी माणूस असेल तर तो स्वतःच्या अनुभवाने सांगतो की कॅटमरानवर दिवसभर उभे राहिलो, पण पोटात ढवळले नाही.

यातले जवळजवळ प्रत्येक विधान कुठल्या ना कुठल्या बोटीबद्दल खरे आहे. पण आठ-दहा दिवस किनाऱ्यापासून दूर राहून टनांनी मासळी आणणाऱ्या बोटीबद्दल यातले फारसे काही टिकत नाही. मलपे, कारवार, मालवण, रत्नागिरी या पट्ट्यात खोल समुद्राची मासेमारी म्हणजे हेच काम, आणि या कामाला एका धडाची, म्हणजे मोनोहल बोटच योग्य आहे. ती जुनी आहे म्हणून नव्हे. पाण्याचे आणि वजनाचे गणित तिच्या बाजूने आहे म्हणून.

हे गणित मलपेच्या जेट्टीवर उभे राहिले तरी दिसते. सफरीला निघणाऱ्या ट्रॉलरमध्ये आधी डिझेल भरले जाते, काही हजार लिटर. मग पाणी, शिधा, जाळ्याचे ढीग, लोखंडी फळ्या. बर्फाच्या लाद्या यंत्रात फुटतात आणि तो चुरा घसरपट्टीवरून खणात उतरत राहतो. एकेका खणाबरोबर बोट पाण्यात बसत जाते, ते रंगाच्या पट्ट्यावरून सहज कळते. पुढे समुद्रात डिझेल घटते, बर्फ वितळतो, मासळी वाढते. एखाद्या दिवशी एका ओढीत दोन टन येते, एखाद्या दिवशी जाळे जवळपास रिकामे वर येते. सफरीच्या कुठल्याही दोन दिवशी बोटीचे वजन आणि ते वजन बोटीत कुठे आहे, हे सारखे नसते.

आता 20 मीटर लांबीच्या दोन बोटी डोळ्यांसमोर आणाव्यात. एक 6 मीटर रुंदीची मोनोहल. तिची टोके निमुळती धरून पाण्याच्या रेषेवर तिचे क्षेत्रफळ साधारण 96 चौरस मीटर भरते. समुद्राच्या पाण्यात ती 1 सेंटिमीटर खाली बसायला जवळपास 1 टन वजन लागते. दुसरी कॅटमरान, प्रत्येकी दीड मीटर रुंदीची दोन धडे. तिचे क्षेत्रफळ 48 चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या टनालाच ती 1 सेंटिमीटर बसते. 27 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये खोल समुद्रातल्या मासेमारीच्या ज्या नव्या नौकांचे लोकार्पण झाले, त्या 25 दिवस समुद्रात राहून 20 टनांपर्यंत मासळी आणतील असे सांगण्यात आले. ते 20 टन या दोन बोटींत ठेवून पाहावेत. मोनोहल 20 सेंटिमीटर बसेल, कॅटमरान 40. परात आणि तांब्या पाण्यावर ठेवून दोन्हींत तेवढेच धान्य ओतल्यावर जो फरक दिसतो, तोच हा.

मोनोहलचे 20 सेंटिमीटर गेले तर फार काही बिघडत नाही. कॅटमरानचे 40 गेले की तिचा जीवच जातो. दोन धडांना जोडणारा जो पूल असतो, तो पाण्यापासून किती उंच आहे यावर तिचे सारे सुख अवलंबून. समजा ही उंची 90 सेंटिमीटर ठेवली आहे. मासळीने भरलेल्या बोटीत ती 50 वर येते. मग समोरून येणारी प्रत्येक मोठी लाट त्या पुलाच्या पोटावर खालून धडकते. हे डोलणे नव्हे, हे घणाचे घाव आहेत. जोड ढिले होतात, वेग उतरवावा लागतो, आणि ज्या स्थिरतेसाठी जास्त पैसे मोजले ती नेमकी घरी परतताना, माल भरलेला असताना, नाहीशी होते.

यावर आराखडे करणारे म्हणतात की धडे रुंद करा, पूल उंच करा. करता येते. पण धड रुंद केले की ते निमुळते राहत नाही, आणि निमुळतेपणावर उभा असलेला इंधनबचतीचा दावा तिथेच संपतो. पूल उंच केला की डेक, विंच, जाळी, माणसे सगळेच वर जाते. बोट आणखी रुंद करावी लागते आणि खर्च आणखी चढतो.

इंधनाचा मुद्दा तर मुळातून तपासायला हवा, कारण बंगळुरूत तोच सर्वांत आधी पुढे केला जातो. निमुळत्या दोन धडांचा फायदा मिळतो तो वेगात. मोनोहल आपल्या वेगाच्या मर्यादेशी आली की स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत राहते आणि डिझेल जाळते. कॅटमरान तिथून सहज पुढे निघते. पण 20 मीटरच्या बोटीची ही मर्यादा 10 ते 11 नॉटच्या आसपास असते. आपले बहुतेक ट्रॉलर जातायेताना 7 ते 9 नॉटने चालतात आणि जाळे ओढताना 3 नॉटच्या आसपास. या वेगात लाटेपेक्षा पाण्याचे घर्षण महत्त्वाचे, आणि सारख्याच वजनाच्या दोन बोटींत दोन धडांचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त असतो. म्हणजे ज्या वेगाने सफरीतला बहुतेक वेळ जातो, त्या वेगाला कॅटमरान काही वाचवत तर नाहीच, उलट थोडे जास्तच मागते. जाळे ओढताना तर इंजिनाची बहुतेक ताकद जाळ्यावर खर्च होते. त्या कामाला मोठा, सावकाश फिरणारा पंखा लागतो. दीड मीटरच्या धडाखाली तसा पंखा बसत नाही. दोन लहान पंखे जोरात फिरवून ती ओढ मिळवायची, तर इंधन जास्त लागणार.

डिझेल खरोखर वाचवायचे असेल तर मार्ग साधा आहे. 9 नॉटऐवजी 8 नॉटने गेले तर लागणारी ताकद सुमारे 30 टक्क्यांनी उतरते. वेळ थोडा वाढतो, तरी तेवढ्याच अंतराला लागणारे डिझेल जवळपास एक पंचमांशाने घटते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, लहान मासेमारी बोटींच्या इंधनबचतीवर 2012 साली एक पुस्तिका काढली. ऑयविंड गुलब्रँडसेन या नॉर्वेजियन नौका-अभियंत्याने ती लिहिली. वेग उतरवा, पंखा योग्य निवडा, तळ साफ ठेवा, हेच त्यातले मुख्य सांगणे. यासाठी बोट बदलावी लागत नाही.

आणि बोट बदलायचीच असेल तर नमुना परदेशात शोधायचे कारण नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आखलेली ‘सागर हरिता’ 18 एप्रिल 2016 रोजी गोवा शिपयार्डमध्ये, म्हणजे कारवारपासून हाकेच्या अंतरावर, पाण्यात उतरली. लांबी 19.75 मीटर, धड पोलादाचे, डेक आणि केबिन फायबरची, जेणेकरून वरचे वजन कमी व्हावे. नाळेखाली पाणी कापणारा फुगवटा. इंजिन 400 अश्वशक्तीचे, तेवढ्याच आकाराच्या बोटींना सर्रास बसवतात त्याहून सुमारे 20 टक्क्यांनी लहान. छतावर सौर तावदाने, आणि मासळीसाठी थंड केलेल्या समुद्राच्या पाण्याच्या टाक्या. देशातल्या ज्या संस्थेने मासेमारीच्या बोटींचा अभ्यास आयुष्यभर केला, तिला ‘हरित’ बोट करायला सांगितल्यावर तिने एका धडाची बोट केली. कॅटमरानचा आग्रह धरणाऱ्यांच्या बोलण्यात ‘सागर हरिता’चे नाव येत नाही. यायला हवे.

कॅटमरान आपल्या देशात यशस्वी झाल्या नाहीत असे मुळीच नाही. केरळात वैकोमला जानेवारी 2017 पासून चालणारी ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट कॅटमरान आहे आणि ती 75 प्रवासी नेते. एप्रिल 2023 मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोच्या बोटी कॅटमरान आहेत. गेटवे ते मांडवा हा प्रवास कॅटमरानने केला नाही असा अलिबागला जाणारा मुंबईकर विरळा. पावसाळ्यात ती सेवा बंद असते, पण लाकडी लाँचही तेव्हा बंद असतात, म्हणून तो दोष एकट्या कॅटमरानच्या माथी मारणे बरोबर नाही. नौदलाचे ‘आयएनएस मकर’ हे सर्वेक्षण जहाज 21 सप्टेंबर 2012 रोजी कारवारलाच दाखल झाले, तेही कॅटमरान. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रवासी मोजून घेतले जातात. सर्वेक्षणाची यंत्रे एकदा बसवली की जागची हलत नाहीत. वजन आधीच ठाऊक असते आणि ते बदलत नाही. तिथे कॅटमरानने आपले गुण दाखवले. फ्रीमनच्या बोटींचेही तेच: सकाळी निघायचे, चार-सहा माणसे, काही मोठे मासे बर्फपेटीत, संध्याकाळी धक्क्यावर. ती हौसेची मासेमारी आहे, तिच्यासाठी ती उत्तम बोट आहे, आणि तिच्या इंधनाचा खर्च मासळीच्या विक्रीतून निघावा अशी कोणाची अपेक्षाही नसते.

रोजीरोटीच्या मासेमारीत कॅटमरानचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग झाला तो पॅसिफिकमधल्या सामोआत. 1970 च्या दशकात एफएओ आणि डेन्मार्कच्या मदतीने तिथे ‘अलिया’ नावाच्या सुमारे 9 मीटरच्या कॅटमरान बांधल्या गेल्या. किनाऱ्याजवळ गळाने मासे धरून त्याच दिवशी परतणाऱ्या गरीब बेटवासीयांना त्या फार उपयोगी पडल्या. हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण 1990 च्या दशकात टुनाला भाव आला, लांब दोरीच्या गळांनी मासेमारी सुरू झाली, आणि याच बोटी बर्फ आणि माल भरून पूर्वीपेक्षा दूर जाऊ लागल्या. अपघात झाले, माणसे गेली. त्यानंतर सामोआला मोठ्या बोटींकडे वळावे लागले. बोट वाईट नव्हती. तिला जे काम दिले ते तिचे नव्हते.

कोकण-कारवारच्या किनाऱ्याला बाजूच्या आधाराची कल्पना नवी नाही. लहान होडीला उलांडी बांधणे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अरुंद होडी उलटू नये म्हणून बाजूला लाकडाचे तरंगते बांधायचे, ही युक्ती किनाऱ्याजवळच्या जाळ्यांना पुरली. पण बोटी यांत्रिक झाल्या, खण आले, बर्फ आला, तेव्हा याच लोकांनी उलांडी सोडून बोट रुंद केली. ते अडाणी होते म्हणून त्यांना दुसरे धड सुचले नाही, असे समजणाऱ्याने एकदा मालवणच्या किनाऱ्यावर उतरून त्या होड्या पाहाव्यात.

सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा. कॅटमरान थोड्या लाटेत डोलत नाही हे खरे. तिची रुंदीच तिला झुकू देत नाही. पण त्यातून एक खोटी खात्री निर्माण होते. मोठ्या लाटेने ती एका मर्यादेपलीकडे उचलली गेली की सावरणारा जोर झपाट्याने नाहीसा होतो, आणि एकदा उलटी झाली की ती उलटीच राहते. नीट बांधलेली, खाली वजन असलेली मोनोहल बरीच कलूनही परत येते. शिवाय कॅटमरानची हालचाल झटक्यांची असते. लाट आली की ती कलत नाही, धक्का देते. दिवसभराच्या सहलीत ते जाणवत नाही, पण ओल्या डेकवर सलग दहा दिवस दोऱ्या आणि विंचशी काम करणाऱ्या खलाशाच्या पायांना आणि कमरेला ते जाणवते. मोनोहलचे डोलणे कमी करायचे असेल तर धडाच्या दोन्ही बाजूंना खाली लोखंडी पट्ट्या जोडण्याचा उपाय जगभर वापरात आहे, आणि त्याला येणारा खर्च दुसऱ्या धडाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूरच्या मच्छीमारांना देशातले खोल समुद्राचे सर्वांत कसलेले लोक मानले जाते. शार्क आणि टुनाच्या मागे ते आठवडेच्या आठवडे अरबी समुद्रात लक्षद्वीपच्या पलीकडेपर्यंत जातात, आणि त्यांच्या बोटी एका धडाच्या आहेत. श्रीलंकेच्या बहुदिवसीय बोटी हिंदी महासागरभर फिरतात, त्याही तशाच. डिसेंबर 2017 च्या सुरुवातीला ओखी चक्रीवादळाने भरकटलेल्या केरळ-तामिळनाडूच्या 68 बोटी 952 मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला, देवगडला येऊन लागल्या. ते बचावले याचे सगळे श्रेय बोटीच्या आकाराला देता येणार नाही. त्याच वादळात अशाच कितीतरी बोटी गेल्या आणि शेकडो माणसे परतली नाहीत. पण बोट एका धडाची असल्यामुळे माणसे मरतात, हा निष्कर्ष या वादळातून कोणालाही काढता येत नाही.

इथे ‘सुवर्ण त्रिभुज’चे नाव निघणारच. 13 डिसेंबर 2018 रोजी ही बोट मलपेहून 7 मच्छीमारांना घेऊन निघाली आणि दोनच दिवसांत तिचा संपर्क तुटला. उडुपी आणि उत्तर कन्नडमधल्या सात घरांनी साडेचार महिने वाट पाहिली. मे 2019 च्या सुरुवातीला नौदलाच्या ‘आयएनएस निरीक्षक’ने मालवणपासून सुमारे 33 किलोमीटरवर, 60 मीटर खोलीत तिचे अवशेष शोधले. ही घटना पुढे करून ‘बोटीच बदला’ म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे: बोट कुठे आहे हे साडेचार महिने कोणालाही सांगता आले नाही. दुसरे धड ते सांगू शकले नसते. ते सांगू शकले असते एखादे यंत्र, जे बंगळुरूच्या इस्रोला करता येते. आणि इस्रोने ते केलेही. उपग्रहाद्वारे बोट आणि किनारा यांच्यात दोन्ही बाजूंनी संदेश पाठवणारे ट्रान्सपॉन्डर आज आहेत. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये त्यांच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला, 1 लाख बोटींसाठी. मासळीचे थवे कुठे असण्याची शक्यता आहे याचे नकाशे हैदराबादहून निघतात, त्यांनाही इस्रोच्या ओशनसॅट उपग्रहांनी टिपलेला समुद्राचा रंग उपयोगी पडतो. थवा कुठे आहे हे आधी कळले तर शोधत फिरणे कमी होते, आणि डिझेल वाचते. हे या शहराचे खरे देणे आहे. ज्या शहराला हे करता आले, त्याने मच्छीमाराच्या बोटीला दुसरे धड जोडण्यात शक्ती घालवू नये.

दोन इंजिनांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. भर समुद्रात एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्यावर परतता येते, याचे मोल किनाऱ्यावरच्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पण दोन इंजिने म्हणजे दोन गिअरबॉक्स, दोन दांडे, दोन पंखे, आणि देखभाल दुप्पट. दीड मीटर रुंदीच्या धडात इंजिन बसवल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाला नीट वाकता येईल एवढीही जागा उरत नाही. हलत्या बोटीत, तापलेल्या इंजिनाशेजारी, तिथे आडवे पडून पाना फिरवायचा असतो. मलपे किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मेकॅनिकने आजवर ज्या प्रशस्त इंजिनखोलीत काम केले, तिच्या तुलनेत ही जागा म्हणजे शिक्षा. वेळेवर दुरुस्त होणारे एक इंजिन आणि चांगला वायरलेस सेट, हे दोन दुर्लक्षित इंजिनांपेक्षा कितीतरी भरवशाचे.

खणाबद्दलही असेच. डेक मोठा म्हणून मासळी चांगली राहते, हा समज बंगळुरूच्या बाजारात घेणाऱ्याने तरी ठेवू नये. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटमध्ये मिळणारा बांगडा ताजा असतो तो खणातल्या थंडाव्यामुळे. दोन अरुंद धडांत विभागलेल्या खणांना, तेवढ्याच मापाच्या एका रुंद खणापेक्षा भिंती जास्त. भिंती जास्त म्हणजे उष्णता आत शिरायला वाट जास्त, बर्फ लवकर वितळणार. त्यात भर म्हणजे मासळी दोन्ही बाजूंना सारखी वाटत बसण्याची नसती उठाठेव.

बंदरातली जागा हा तर रोजचा प्रश्न. मलपेला हंगामात बोटी एकमेकींना खेटून ओळीने बांधलेल्या असतात, खलाशी एका बोटीवरून दुसरीवर पाय टाकत धक्क्यावर येतात. 1 जूनपासून 61 दिवसांची बंदी लागली की सगळ्याच बोटी एकदम परततात. तिथे 6 मीटरच्या जागी 9 मीटर रुंद बोटी आणल्या तर तीन बोटींच्या जागेत दोनच मावतील. बंदर रुंद करायचे पैसे कॅटमरानच्या कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेले नसतात.

आणि एक गोष्ट बंगळुरूत जवळपास कोणी बोलत नाही, पण मालवणात लहान मुलालाही ठाऊक आहे. सिंधुदुर्गच्या पारंपरिक मच्छीमारांचे वर्षानुवर्षांचे गाऱ्हाणे मलपेच्या हायस्पीड ट्रॉलरांबद्दल आहे. हे ट्रॉलर 12 सागरी मैलांच्या आत घुसतात, जाळी तोडतात, मासळी खरवडून नेतात, आणि गस्ती नौका दिसली की वेगाने निसटतात. यावर आंदोलने झाली, समुद्रात बोटी अडवल्या गेल्या, जानेवारी 2025 पासून महाराष्ट्राने किनाऱ्यावर ड्रोनची नजर ठेवली. अशा वेळी कर्नाटकाने सरकारी पैशाने आणखी वेगवान बोटी समुद्रात सोडायच्या? कॅटमरानचा खरा, निर्विवाद गुण वेग हाच आहे, आणि या किनाऱ्याला सध्या ज्याची सर्वांत कमी गरज आहे, तोही वेगच. खोल समुद्रात जाणारी बोट सावकाश गेली तरी चालते. तिने खोल समुद्रात जाऊन तिथेच राहावे, किनाऱ्याजवळ फिरकू नये, यासाठी तिला वेग नको, मोठा खण आणि मोठी टाकी हवी.

पैशाचे गणित शेवटी मच्छीमाराच्या घरावर येते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खोल समुद्रातल्या नौकेची किंमत 1 कोटी 20 लाख धरली आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के मदत मिळते, तीही या किमतीवर. तेवढाच माल नेणारी कॅटमरान बांधायची तर दोन धडे, मधला मजबूत पूल, दोन इंजिने यांचा वाढीव खर्च अनुदानात बसत नाही, तो कर्जात बसतो. कर्ज वाढले की हप्त्यासाठी जास्त सफरी, जास्त सफरींसाठी खराब हवेत बाहेर पडणे. बोट सुरक्षित करण्याच्या नावाखाली माणसाला असुरक्षित समुद्रात ढकलणारा हा हिशेब आहे.

आपल्या मोनोहल बोटी निर्दोष आहेत असा या लेखाचा दावा नाही. अनेक बोटी कारागिराच्या नजरेवर बांधल्या जातात, आराखडा कागदावर नसतो. नंतर मालक डेकवर एक मजला चढवतो, जड विंच बसवतो, जाळे उंचावर रचतो, आणि बोटीचा तोल किती बिघडला हे कोणी मोजत नाही. ही दुरुस्ती तातडीची आहे आणि ती स्वस्त आहे. डेकवर ठरलेले वजन एका बाजूकडून दुसरीकडे सरकवून बोट किती कलते ते मोजायचे, ही चाचणी धक्क्याला बांधलेल्या बोटीवर शांत पाण्यात काही तासांत होते. तिच्यावरून त्या बोटीने किती माल न्यावा, तो बोटीत कुठे ठेवावा, हे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, समजेल अशा शब्दांत केबिनमध्ये लावता येते.

म्हणून बंगळुरूच्या आणि मुंबईच्या मत्स्य खात्यांना एवढीच मागणी आहे. खोल समुद्रातल्या नौकेचे अनुदान देताना रिकाम्या, निम्म्या भरलेल्या आणि पूर्ण भरलेल्या बोटीची तोल-चाचणी सक्तीची करा आणि तिचा खर्च योजनेतून द्या. खणाचे उष्णतारोधन, योग्य पंखा, बाजूच्या पट्ट्या आणि चालू स्थितीतला ट्रान्सपॉन्डर यांना अनुदानात पहिला हक्क द्या. ‘सागर हरिता’चा आराखडा मलपे, कारवार आणि रत्नागिरीच्या बोटकारखान्यांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचवा. कॅटमरान प्रवाशांसाठी घ्या, सर्वेक्षणासाठी घ्या, पर्यटकांना गळ टाकायला न्यायचे असेल तर जरूर घ्या. मासळी आणायला जाणाऱ्या तांडेलाच्या गळ्यात ती बांधू नका.